पुढचं दार मागे आहे

भिंतीला टाचणी टोचायची नाही, ही एक अट पाळली की काका तुम्हाला बाकी काहीही माफ करायचे. टोस्टर जाळा, किल्ली हरवा, मोर्चातले ढोल जिन्यात ठेवा, चालेल. टाचणी नाही. आणि आम्ही कोण? भाडेकरूंच्या हक्कांसाठी भांडणारी संघटना. पोस्टरं सोडून आमच्याकडे दुसरी संपत्तीच नव्हती. शेवटी ती आम्ही कपडे वाळत घालायच्या घडीच्या स्टँडवर लटकवली. 'घर हा हक्क आहे' हे वाक्य मी नोकरीभर बनियन वाळवायच्या दांडीवरून वाचलं.

भाडेकरूंच्या संघटनेलाही घरमालक असतो, हा विनोद आम्हाला रोज कोणीतरी ऐकवायचंच. पण तो घरमालक काकांसारखा असेल, हे कोणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

ही दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली, नॉटिंगहॅममधली गोष्ट. मी पुण्याहून एमए करायला आले होते. ते संपलं, आणि घरी फोनवर 'नोकरी लागली' असं म्हणता येईल इतपत पगारावर या संघटनेला चिकटले. ऑफिस गावाच्या मध्यात, एका जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकातल्या, टाउनहाउसमध्ये. लाल विटा, उंच खिडक्या, काळं चकचकीत दार, दाराच्या डोक्यावर पंख्यासारखी काच. मोज्यांच्या कुणा व्यापाऱ्याने ते राहायला बांधलं होतं. आता तिथे राहत कोणीच नव्हतं. तळमजल्यावर आम्ही, वरच्या मोठ्या खोलीत सॉलिसिटर मंडळी, आणि पार छताखाली, पूर्वी मोलकरणी झोपायच्या तिथे, वेबसाइट बनवणारा एक सहा फुटी गृहस्थ. तो दिवसातून दोनदा तरी तुळईवर डोकं आपटायचा. काका खालून ओरडायचे, "तुळईला काही झालं नाही ना?"

घर लिस्टेड होतं, म्हणजे जपायच्या इमारतींच्या सरकारी यादीत. परवानगीशिवाय त्यात काही बदल करायचा नाही. टाचणीबद्दल कायदा काहीच म्हणत नाही, हे मी वाचून काढलं होतं. मी काकांना तसं सांगितलंसुद्धा.

"कायदा ढिला आहे," काका म्हणाले.

काका मुंबईचे, मराठी ज्यू. भायखळ्याला एका खोलीत आठजण वाढलेले. त्यांचं मराठी आमच्या पणजोबांच्या वेळचं, कडक इस्त्रीचं. इंग्लंडात त्यांनी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, आर्किटेक्ट खात्यात जन्म काढला. "रस्ते रुंद करायला अशी घरं मी ओळीने पाडली," ते सांगायचे. "हे चुकून उरलं. कोणी विचारत नव्हतं, छपरातून झाड आलं होतं. मग घेतलं." घर दुरुस्त करण्यात त्यांची सगळी उमेद खर्च झाली असावी, कारण त्यांच्या स्वेटरच्या कोपरांतून शर्ट डोकावत असायचा.

एका खोलीत वाढलेल्या माणसाला इतक्या खोल्या मिळाल्यावर तो काय करेल? नावं ठेवेल. पुढचा हॉल म्हणजे ओटी. आमचं ऑफिस माजघर. सॉलिसिटरांकडे दिवाणखाना, आणि तो तुळईवाला गृहस्थ माळ्यावर. किल्ल्यांना तीच नावं, रोमन लिपीत. गोऱ्या भाडेकरूंनी ती मुकाट्याने शिकून घेतली होती. भारदस्त सॉलिसिटरीणबाई जिन्यावरून फोनवर बोलताना मी ऐकलंय: "क्लाएंटला दिवाणखान्यात बसवा, मी ओटीवर आहे." या बाईला ओटी म्हणजे काय हे माहीत नव्हतं. तिला वाटायचं, ती जॉर्जियन संज्ञा आहे.

मला काका 'चळवळ' म्हणायचे. "काय गं चळवळ, आज कोणाविरुद्ध?" हा त्यांचा गुड मॉर्निंग. उत्तरासाठी ते थांबायचे नाहीत. आणि यायचे ते कायम मागून. मागचं अंगण, तिथलं किचनचं दार, किचन, आणि मग अचानक आमच्या खांद्यामागे. मालक असून हा माणूस पुढच्या पाच पायऱ्या कधी चढत नसे. आमचं ठाम मत होतं की आम्ही हीटर किती वर ठेवलाय ते पकडायला येतात. वयाचा प्रश्न नव्हता. सत्तरी उलटूनही ते जिन्यावर शेळीसारखे चढायचे.

पुढच्या दाराची सेवा मात्र तेच करायचे. दाराच्या उजव्या अंगाला घंटा ओढायची जुनी पितळी मूठ होती. ती ओढली की आतल्या तारेने किचनमधली घंटा वाजायची. वीज नाही, काही नाही. आठवड्यातून एकदा काका एशियन शॉपमधून चिंच आणून ती मूठ घासायचे. येणारेजाणारे इंग्रज थांबून विचारायचे, कुठलं पॉलिश वापरता? काका म्हणायचे, "फॅमिली सिक्रेट." ब्रॉडबँड आलं तेव्हा भिंतीला भोक पाडू देईनात. आम्ही महिनाभर भांडलो. शेवटी त्यांनीच मोलकरणींना हाक मारायच्या जुन्या तारांची भोकं शोधून त्यांतून केबल ओढून दिली. "तेव्हाही माणसं वरून खाली आरोळ्याच मारत होती," म्हणाले. "तुम्ही ईमेल मारता."

आमच्या माजघरात एक खोटं दार होतं. खरं दार खोलीच्या एका टोकाला, म्हणून तोल साधायला दुसऱ्या टोकाला तसंच्या तसं दुसरं. मूठ, चौकट, सगळं अस्सल. उघडलं की विटा. एकदा कौन्सिलचा हाउसिंगचा एक अधिकारी माझ्याशी कडाक्याने भांडला, फाइल बगलेत मारून ताडताड निघाला, आणि ते दार उघडून विटांसमोर उभा राहिला. काका नेमके किचनच्या बाजूने आले होते. ते त्याला अदबीने म्हणाले, "सर, बाकीच्यांना हे कळायला वर्षं लागतात." यानंतर आठवडाभर ते आमच्याशी फार प्रेमाने वागले.

हे सगळं गंमतीत चाललं होतं, अनिशा येईपर्यंत.

अनिशा इंग्लंडातल्याच वॉटफर्डच्या मराठी घरातली, तिथेच जन्मलेली. आमच्याकडे सल्लागार म्हणून तिची निवड झाली. बेघर होऊ घातलेल्या माणसाच्या वतीने घरमालकाला फोन करावा तर तिनेच. पलीकडचा माणूस 'सॉरी' म्हणेपर्यंत ती फोन सोडायची नाही. अनिशा व्हीलचेअरवर असायची. मुलाखत झाली होती लायब्ररीत. पहिल्या दिवशी ती आमच्या पाच पायऱ्यांसमोर येऊन थांबली. वरचा तुळईवाला आणि एक वकील धावत गेले आणि त्यांनी तिला खुर्चीसकट उचलून ओटीवर आणून ठेवलं. दोघांना फार बरं वाटलं.

"थँक्स," अनिशा म्हणाली. "मी सोफा आहे का?"

दुसऱ्या दिवसापासून ती मागून आली. नॉटिंगहॅमात सपाट जमीन शोधावीच लागते. आमचं घर उतारावर, त्यामुळे पुढे पाच पायऱ्या आणि मागे एकही नाही. पण मागे काय होतं? कबाबच्या दुकानालगतचा बोळ, आमचे कचऱ्याचे बिन्स, आणि अंगणात गोल दगडांची जुनी फरसबंदी. त्यावरून चाक जाताना दात वाजायचे. दाराला घंटा नाही, आणि किचनच्या दाराची किल्ली फक्त काकांकडे. ते आतून बंद. अनिशा थंडीत बाहेर थांबून मला मिस्ड कॉल द्यायची.

आठवडाभराने तिने मला सांगितलं. "मला माझ्याच ऑफिसात यायला मिस्ड कॉल द्यावा लागतो. बिन्सच्या बाजूला थांबून. डर्बी शहरातल्या एका संस्थेने दुसरी नोकरी ऑफर केलीये. तिथे फ्लॅट एंट्रन्स आहे. मला इथे काम करायचंय, पण असं नाही."

आम्ही दोघी काकांकडे गेलो. ते ओटीच्या उघड्या दारात उभे राहून मूठ घासत होते.

"काका," अनिशा म्हणाली, "हा पुढचा दार मला का नाही?"

"पुढचं. ते दार. नपुंसकलिंग."

"व्हॉटेवर. तो दार."

"ते."

"काका," मी म्हणाले, "नवा कायदा आलाय. रॅम्प करा."

त्यांनी चिंचेच्या हातांनी हवेत आकृती काढली. पाच पायऱ्या एवढ्या उंच, म्हणजे रॅम्प एवढा लांब, म्हणजे फुटपाथ ओलांडून रस्त्यात. शिवाय कठडे तोडावे लागणार, पायऱ्या झाकाव्या लागणार. "हा चेहरा आहे घराचा," ते म्हणाले. "चेहऱ्याला प्लास्टर मारायचं?"

"तुमच्याकडे कुठेही न जाणारं दार चालतं," मी म्हणाले. "अनिशाला आत आणणारा रॅम्प चालत नाही."

"ते दार तोल सांभाळतं."

"आणि माझी खुर्ची काय करतो?" अनिशाने विचारलं.

"करते," काका म्हणाले. "खुर्ची, ती."

अशा माणसाशी लढायचं कसं? मला एकच पद्धत येत होती. मी पॅम्फ्लेट काढलं. मथळा, 'मागच्या दाराचे नागरिक'. पूर्वी मोलकरणी मागून यायच्या, आता व्हीलचेअरवरची माणसं, प्रगती यालाच म्हणतात का, वगैरे. घरमालकाचं नाव घातलं नाही. पण पायऱ्यांचं वर्णन इतकं तपशीलवार केलं की पोस्टमननेही ओळखलं असतं. गठ्ठे बाजारचौकात वाटले, कौन्सिलच्या लॉबीत ठेवले, आणि एक प्रत ओटीवर. टाचणी न लावता.

दुसऱ्या दिवशी काका आले. मागूनच. हातात पॅम्फ्लेट, त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा.

"हे तू लिहिलंस?"

"हो. आणि एक शब्दही मागे घेणार नाही."

"घेऊ नकोस. फक्त हा घे." त्यांनी बोट ठेवलं. "'व्हिक्टोरियन घरमालक.' व्हिक्टोरिया राणी गादीवर बसली तेव्हा हे घर म्हातारं झालं होतं. मला जुलमी म्हण, पाषाणहृदयी म्हण. व्हिक्टोरियन काय म्हणून? माझ्याकडे माणसं येतात-जातात, ती काय म्हणतील?"

"मनोवृत्तीबद्दल लिहिलंय ते."

"मनोवृत्ती जॉर्जियन लिही. आणि मागच्या दाराचा एवढा तिटकारा कशाला? मी रोज तिथूनच येतो ना?"

"तुम्ही हौसेने येता," मी म्हणाले. "तिला दुसरं दारच नाही."

"हौसेने?" काका म्हणाले, आणि मला किचनमध्ये घेऊन गेले. तिथे त्यांनी दार उघडून उजव्या चौकटीवरची बोटभर लांबीची तिरपी डबी दाखवली. अनिशाला आत घेताना ती मला रोज दिसायची. मला ती जुन्या घंटेचा काहीतरी भाग वाटायची. तो मेझुझा होता. ज्यू घराच्या दाराला लावतात, आत प्रार्थना लिहिलेली गुंडाळी. येताजाता बोटांनी शिवायचं आणि बोटं ओठांना लावायची. खरं तर तो पुढच्या दाराला हवा.

"पुढच्या चौकटीला खिळा मारणार कसा?" काका म्हणाले. "अडीचशे वर्षांचं लाकूड आहे. म्हणून इथे लावला. आणि जिथे तो, तिथून मी."

आता इथे एखाद्या शहाण्या मुलीने गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, "म्हणजे तुम्ही देवालासुद्धा मागच्या दारानेच आणलंत."

काकांनी पॅम्फ्लेटची घडी घातली, खिशात ठेवली, डबीला बोटं लावली आणि बोळातून निघून गेले. हीटरकडे बघितलंसुद्धा नाही.

मग ते दिसेचनात. शनिवार, त्यांचा सब्बाथ, सोडून एरवी रोज टपकणारा हा माणूस गायब. मागच्या अंगणातून मात्र ठोकाठोकीचे आवाज यायला लागले. किचनला कुलूप, खिडकीला बाहेरून ताडपत्री, आणि अनिशा तेवढे दिवस घरूनच काम करत होती. मी अनिशाला म्हणाले, सूड घेतोय, तुझं तेही दार बुजवतोय. संघटनेत दुसऱ्या पॅम्फ्लेटचा ठराव झाला. अनिशाने डर्बीवाल्यांना सोमवारी कळवते म्हणून सांगितलं.

सोमवारी सकाळी मी पाच पायऱ्या चढून किल्ली घातली. ती फिरली, पण दार उघडेना. दाराला आतून कडी, आणि शेजारच्या खिडकीच्या काचेतून दिसेल असा एक कागद. टाचणी नाही, आत खुर्चीला टेकवून ठेवलेला. इंग्रजीत लिहिलं होतं: 'पुढचं दार मागे आहे. आत शिरायला तिकडून यावं. आग लागल्यास इकडून पळावं.'

माझ्यामागे सॉलिसिटरीणबाई, हातात कोर्टाचे कागद, पायात उंच टाचा. "याचा अर्थ काय?" तिने विचारलं. आम्ही दोघी वळसा घालून बोळात गेलो. कबाबवाल्याच्या दुकानापासून आमच्या दारापर्यंत रुंद, सपाट दगडी लाद्या. चहाची किटली आणि सिंक दूर कोपऱ्यात, आणि किचनचा झाला होता स्वागतकक्ष. भाडेकरूंच्या पाट्या, पत्रपेटी, पायपुसणं, सगळं इकडे. दार रंगवलेलं, काळं. आणि बिन्स? ते पुढे. रस्त्याकडेच्या खिडक्यांखालच्या खड्ड्यात, कठड्याआड.

"पूर्वी कोळसा तिथेच टाकायचे," काका म्हणाले. ते दारात उभे होते, हातात ताट. पोहे, ओलं खोबरं, खजूर, साखर. त्यांच्याकडे चांगल्या गोष्टीला मलिदा करतात. सॉलिसिटरीणबाईने घाबरत चमचाभर घेतला.

"हा उपाय नाही," मी म्हणाले. पॅम्फ्लेटच्या भाषेत याला तडजोड म्हणतात. रॅम्प पुढेच हवा होता, असं मला आजही वाटतं. "तुम्ही फक्त सगळ्यांना बोळात आणलंत."

"सगळ्यांना," काका म्हणाले. "मलिदा घे."

तेवढ्यात लाद्यांवरून चाकांचा आवाज आला. खडखड नाही, नुसता सरसर. अनिशा थांबली. आधी लाद्या बघितल्या, मग सॉलिसिटरीणबाईच्या टाचा.

"या पण इथून?"

"सगळे," मी म्हणाले.

"कौन्सिलचे लोक पण? मीटिंगला येतील ते? कबाबच्या वासातून?" तिचा चेहरा उजळत गेला. "ओह, लव्हली."

आणि मग तिला ते दिसलं. दाराच्या चौकटीवर वर, नेहमीच्या जागी, काकांची डबी. आणि खाली, खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात आपसूक जाईल नेमक्या त्या उंचीवर, ती पितळी मूठ. चिंचेने घासलेली, सोन्यासारखी. तिने ओढली. तार आता वीतभरच उरली होती, त्यामुळे घंटा थेट आमच्या कानात वाजली. तिने परत ओढली. मग परत. डर्बीला फोन करायचं ती विसरली, आणि मी आठवण केली नाही.

मी पळत पुढे गेले. ओटीवरून कडी काढून बाहेर बघितलं. उजव्या चौकटीत चार भोकं. जिथे देवासाठी एक खिळा मारला नव्हता, तिथून या माणसाने चार स्क्रू काढले होते. परवानगी? विचारलीच नसणार.

"मूठ कुठे गेली?" मी परत येऊन मुद्दाम विचारलं.

"पॉलिशला काढलीये," काका म्हणाले.

पुढे कोणीतरी कौन्सिलला कळवलंच. जुन्या इमारती सांभाळणाऱ्या खात्याचा एक तरुण अधिकारी फाइल घेऊन पुढच्या पायऱ्यांवर उभा राहिला, आणि त्याने बराच वेळ दार ठोठावलं. शेवटी मी आणि काका वळसा घालून त्याच्यापर्यंत गेलो.

"सर, यादीत पितळी घंटामूठ लिहिलीये," तो म्हणाला. "ती कुठे आहे?"

"पुढच्या दारावर," काका म्हणाले.

"मी पुढच्या दारासमोरच उभा आहे. इथे फक्त भोकं आहेत."

"तुम्ही मागच्या दारासमोर उभे आहात," काका फार समजुतीने म्हणाले. "होतो गोंधळ. नव्या माणसांचा हमखास होतो."

त्याने फाइलमधला नकाशा काढून उलटसुलट फिरवला. इतक्यात घराच्या पार आतून घंटा वाजली, लांबलचक. अनिशाला तोवर त्या दाराची किल्ली मिळाली होती. तरी ती रोज सकाळी घंटाच वाजवायची आणि कोणीतरी उघडेपर्यंत वाजवत राहायची.

"जा गं चळवळ, उघड," काका म्हणाले. "तिचा दार वाजतोय."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला ही संधी मिळत होती. मी कशी सोडणार?

"तिचं दार, काका. नपुंसकलिंग."

"तिचा," काका म्हणाले.